पेप्टाइड रेणू आणि नैराश्यावरील औषधांचा शोध : रापास्टिनेलच्या निमित्ताने

नैराश्यावर आज दिली जाणारी बहुतेक औषधे सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन यांसारख्या चेताप्रेषकांवर परिणाम घडवून कार्य करतात. औषध सुरू केल्यापासून पुरेसा गुण दिसेपर्यंत साधारणतः काही आठवडे जातात. आत्महत्येचे विचार मनात घोळत असलेल्या रुग्णासाठी हा काळ धोक्याचा असतो. त्यामुळे त्वरित परिणाम करणाऱ्या औषधाचा शोध ही मनोविकारशास्त्राची जुनी निकड होय. या शोधात पेप्टाइड रेणूंचा विचार वेळोवेळी झालेला दिसतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. शरीरातील अनेक संप्रेरके याच स्वरूपाची असतात. असे रेणू विशिष्ट ग्राहीवर नेमकेपणाने कार्य करू शकतात आणि त्यांचे विघटन होऊन शेवटी अमिनो आम्लेच उरतात. अडचण वेगळीच आहे. तोंडावाटे दिलेले पेप्टाइड बहुधा पचनमार्गातच तुटते, रक्तात गेलेले विकरांमुळे लवकर नष्ट होते आणि उरलेल्याला रक्त व मेंदू यांमधील अडथळा ओलांडावा लागतो.

सन १९७२ मध्ये थायरोट्रोपिन-मुक्तकारी संप्रेरक या तीन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडाने नैराश्यात उतार पडतो, असे प्रांज व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. परिणाम त्वरित होता, पण अल्पकाळ टिकणारा; आणि नंतरच्या अभ्यासांत तो सातत्याने आढळला नाही. ऑक्सिटोसिनच्या शेवटच्या तीन अमिनो आम्लांशी जुळणारे एमआयएफ-१ आणि त्यावरून घडविलेले नेमिफिटाइड यांचीही रुग्णांवर चाचणी झाली; नेमिफिटाइड बाजारात कधीच आले नाही.

रापास्टिनेलचा इतिहास मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील संशोधक जोसेफ मॉस्कल यांना एक मोनोक्लोनल प्रतिपिंड मिळाले होते. त्यामुळे सशांची शिकण्याची क्षमता वाढते, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे शोधाचा आरंभ स्मरणशक्तीच्या अभ्यासातून झाला, नैराश्यातून नव्हे! या प्रतिपिंडाच्या आधारे थ्रिओनिन-प्रोलिन-प्रोलिन-थ्रिओनिन अशी चार अमिनो आम्लांची साखळी तयार करण्यात आली. ती मेंदूतील एनएमडीए ग्राहीवर परिणाम करते. प्रारंभी ती या ग्राहीच्या ग्लायसिन-स्थानाशी जोडली जाते असे मानले जाई. पुढील अभ्यासातून तिचे स्थान निराळे असल्याचे दिसले.

याच ग्राहीला अवरुद्ध करणाऱ्या केटामिनचा नैराश्यावरील शीघ्र परिणाम २००० साली सात रुग्णांच्या छोट्या अभ्यासात दिसला होता. परंतु केटामिनमुळे भ्रम व वास्तवापासून तुटल्याची जाणीव निर्माण होते, शिवाय व्यसनाचीही भीती असते. रापास्टिनेल ग्राही बंद न करता त्याचे कार्य नियंत्रित करते, त्यामुळे हे दोष टळतील अशी अपेक्षा होती. दुसऱ्या टप्प्यात आधीच्या औषधाने गुण न आलेल्या ११६ रुग्णांना शिरेवाटे एकच मात्रा देण्यात आली. शरीरवजनाच्या प्रतिकिलो ५ व १० मिलिग्रॅम या मात्रांनी लक्षणे कमी झाली, १ व ३० मिलिग्रॅमने तसे झाले नाही. भ्रमासारखे दुष्परिणाम आढळले नाहीत. सर्वांत मोठी मात्रा निष्प्रभ ठरणे ही बाब तेव्हाच अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी होती, कारण अशा रेणूसाठी योग्य मात्रेचा पट्टा अरुंद असतो.

पुढे उत्साह वाढला. २०१५ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने हा रेणू विकसित करणारी नॉरेक्स ही संस्था ५६ कोटी डॉलर्सना विकत घेतली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास विशेष दर्जा दिला. मार्च २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्यातील तीन चाचण्यांचे निष्कर्ष आले. औषध सुसह्य होते. पण प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. योगायोग असा की, त्याच आठवड्यात केटामिनपासून मिळविलेल्या एस्केटामिनच्या नाकावाटे देण्याच्या औषधास त्याच प्रशासनाची मान्यता मिळाली होती.

या अपयशाचा अर्थ लावताना नैराश्याच्या चाचण्यांतील प्लासिबो-प्रतिसाद विचारात घ्यावा लागतो. नियमित भेटी, आस्थेने विचारपूस, शिरेत दिले जाणारे नवे औषध आणि त्याविषयीची आशा यांनीही रुग्णास बरे वाटते. अशा वेळी रेणूचा मर्यादित परिणाम वेगळा दिसणे कठीण होते. दुसरे म्हणजे, उंदरास पाण्यात सोडून तो किती वेळ पोहण्याची धडपड करतो यावरून केलेले अनुमान मानवी दुःखास लागू पडेलच असे नाही. त्यामुळे रापास्टिनेलची संकल्पनाच चुकली की केवळ मात्रा आणि चाचणीची रचना, हा प्रश्न त्या चाचण्यांनी पुरता सोडविलेला नाही. त्याच संशोधनधारेतून पुढे आलेले झेलक्विस्टिनेल एनएमडीए ग्राहीवरच कार्य करते. परंतु ते पेप्टाइड नसून तोंडावाटे देता येते.