जुना वाडा पाडायचा तर नागपुरात हेरिटेज समिती विचारते. बिरसात विचारणारं कोण?

बिरसा (जि. बालाघाट) : मालगुजाराचा जुना वाडा असतो. कवेलूचं छप्पर, सागवानी खांब, समोर लांब ओसरी, मागे विहीर. पोरं नोकरीला नागपूर-रायपूरकडे, घरात म्हातारं माणूस एकटं. एखाद्या पावसाळ्यात मागची भिंत बसते. मग भावाभावांत बैठक होते, वाडा उतरवायचं ठरतं, ठेकेदार येतो आणि पंधरा दिवसांत जागा मोकळी. वर्षभरात तिथे स्लॅबचं घर उभं राहतं. बैहर-बिरसा-परसवाडा पट्ट्यात काय, नि सीमेपलीकडे सालेकसा-आमगाव-देवरीकडे काय, हे चित्र सारखंच आहे.

यात बेकायदेशीर काहीच नाही. घर ज्याचं, निर्णय त्याचा. पण असाच वाडा नागपूरच्या महाल भागात असता आणि महापालिकेच्या हेरिटेज यादीत त्याचं नाव असतं, तर मालकाला नुसता रंग द्यायला सुद्धा लेखी परवानगी घ्यावी लागली असती. दोन्ही टोकांमधला फरक एका समितीचा आहे. ही समिती नेमकं काय करते, तिच्या हातात किती आहे आणि आपल्या भागात ती का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. जुनं घर असलेल्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध येतो.

बालाघाटकरांसाठी नागपूर काही परकं नाही. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा तयार झाला. १९५६ ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. नागपूर हायकोर्टाची हेन्री मेड यांनी आराखडा केलेली दगडी इमारत १९४० मध्ये वापरात आली, तेव्हा बालाघाटचे खटले तिथेच जात होते. म्हणजे नागपूरच्या यादीतल्या अनेक इमारती एका अर्थाने इकडच्या लोकांच्याही आहेत.

आधी यादी, मग समिती

महाराष्ट्रात या व्यवस्थेची सुरुवात मुंबईतून झाली. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी हेरिटेज नियम लागू झाले. शहराच्या विकास नियमावलीतच जुन्या इमारतींना संरक्षण देण्याचा देशातला हा पहिला मोठा प्रयोग. सहाशेहून जास्त इमारती आणि परिसर यादीत आले आणि मुंबई हेरिटेज संवर्धन समिती बसली. नागपूरची यादी आणि समिती त्यानंतरची, त्याच धर्तीवरची. नागपूरच्या यादीत दीडशेच्या आसपास नावं आहेत. त्यात झिरो माईलचा खांब आहे आणि कस्तुरचंद पार्कही आहे. पार्क म्हणजे तर मोकळं मैदान! वारसा म्हणजे फक्त भिंती आणि छप्पर नव्हे, मोकळी जागासुद्धा वारसा असू शकते, हे यावरून लक्षात यावं.

यादी रातोरात होत नाही. आधी तज्ज्ञ पाहणी करतात, मग यादीचा मसुदा जाहीर होतो, मालकांना आणि जनतेला हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते, त्यावर विचार होऊन राज्य सरकार शिक्कामोर्तब करतं. गोंधळ होतो तो याच टप्प्यावर. २०१२ मध्ये मुंबईने नव्या यादीचा मसुदा काढला. नऊशेहून जास्त नावं त्यात होती, शिवाजी पार्क परिसरही होता. दादर-शिवाजी पार्कच्या मराठी मध्यमवर्गीय वस्तीतून कडाडून विरोध झाला. लोकांचं म्हणणं साधं होतं: इमारती जुन्या झाल्या, गळतात, पुनर्विकासाशिवाय लिफ्ट मिळणार नाही, आणि तुम्ही म्हणता वारसा. हा विरोध केवळ बिल्डरांच्या सांगण्यावरून झाला असं म्हणून झटकून टाकणं चूक आहे. चौथ्या मजल्यावर गुडघे धरून चढणाऱ्या माणसाची अडचण खरी असते.

श्रेणी ठरली की बंधन ठरलं

यादीतली प्रत्येक वास्तू एका श्रेणीत बसते. पहिली श्रेणी म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाची. इथे आत-बाहेर कुठेही हात लावायचा नाही. इमारत टिकवण्यासाठी अगदी गरजेचं असेल तेवढंच काम. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. तिचे अ आणि ब असे दोन भाग. दर्शनी रूप तसंच ठेवून आत बदल करता येतात, वाड्याचं हॉटेल किंवा ऑफिस होऊ शकतं. ब गटात त्याच प्लॉटवर जोडीला दुसरी इमारतही बसू शकते, फक्त ती जुनीला झाकणारी नको. तिसरी श्रेणी म्हणजे एकटी इमारत फार मोठी नाही, पण गल्लीचा चेहरा तिच्यामुळे आहे. इथे सवलत बरीच.

यादीत नाव आलं म्हणजे मालकी गेली, अशी एक समजूत गावोगावी आहे. ती चुकीची आहे. सातबारा असो की आपल्याकडचा खसरा, नाव मालकाचंच राहतं. विकता येतं, भाड्याने देता येतं, वारसाहक्काने पोरांना जातं. बंधन येतं ते बांधकामावर.

अर्ज गेल्यावर काय होतं

यादीतल्या इमारतीच्या मालकाला दुरुस्ती, बदल, प्लास्टर, रंगकाम किंवा पाडकाम काहीही करायचं असलं तरी अर्ज महापालिका आयुक्तांकडे जातो. आयुक्त तो समितीकडे पाठवतात. समितीत कोण असतं? वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनीअर, इतिहासाचा जाणकार, पर्यावरणाचा जाणकार, नगररचना खात्याचा माणूस अशी साधारण रचना. त्यांच्या बैठकीत नकाशे, फोटो पाहिले जातात, गरज वाटली तर जागेवर जाऊन पाहणी होते. मग शिफारस: मंजूर, नामंजूर किंवा अमुक बदल करून आणा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. समिती शिफारस करते, आदेश काढत नाही. आदेश आयुक्तांचा. मुंबईच्या नियमात अशी तरतूद आहे की अपवादात्मक परिस्थितीत आयुक्त समितीचं म्हणणं डावलू शकतात, पण कारण लेखी नोंदवावं लागतं आणि हा अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. ‘लेखी कारण’ ही अट दिसायला छोटी आहे, पण पुढे कोर्टात हाच कागद कामाला येतो.

तुलनेसाठी न्यूयॉर्क बघा. तिथलं पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडलं गेलं आणि शहर हळहळलं. त्यातून १९६५ मध्ये कायदा झाला आणि ११ सदस्यांचा आयोग बसला. त्यात किमान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार, एक नगररचनाकार किंवा लँडस्केप आर्किटेक्ट आणि विशेष म्हणजे एक जमीन-व्यवहारातला माणूसही असावा लागतो. तो आयोग स्वतः परवानगी देतो किंवा नाकारतो. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधू दिला नाही म्हणून रेल्वे कंपनी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला: कंपनीला स्टेशन पूर्वीसारखं वापरता येतंय, कमाई होतेय, मग मालमत्ता हिरावली असं म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या समित्यांना एवढे दात नाहीत.

पैशाचं काय?

खरी मेख इथे आहे. समाजाला इमारत टिकायला हवी, पण खर्च मालकाने करायचा. हे किती दिवस चालणार?

शहरात यावर टीडीआरचा उतारा आहे, म्हणजे विकास हक्कांचं हस्तांतरण. हिशोब असा. समजा एका प्लॉटवर नियमाने ३,००० चौरस फूट बांधता येतं आणि तिथला यादीतला वाडा १,२०० चौरस फुटांचा आहे. वाडा ठेवायचा म्हणजे उरलेले १,८०० चौरस फूट मालकाने गमावले. तर हे १,८०० त्याला कागदावर मिळतात. तो ते शहरात दुसरीकडे बांधकाम करणाऱ्या बिल्डरला विकतो आणि आलेल्या पैशातून वाडा दुरुस्त करतो. बिल्डरला जास्तीचा मजला मिळतो, सरकारी तिजोरीतून रुपया जात नाही. कल्पना चोख आहे.

पण ती चालते कुठे? जिथे चौरस फुटाला भाव आहे तिथे. मुंबई, पुणे, काही प्रमाणात नागपूर. बिरसात किंवा बैहरला जास्तीचा मजला विकत घेणारा गिऱ्हाईक कोण? जागेची टंचाईच नसेल तर तो कागद रद्दी आहे. म्हणून शहराचा नियम जसाच्या तसा इकडे आणून उपयोग नाही.

आणि शहरातही सगळं आलबेल नाही. मुंबईतलं जुनं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. १८६० च्या दशकातली ओतीव लोखंडाची इमारत. १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट देशात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले. यादीत नाव आहे, जगभर कौतुक आहे, तरी २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये राहणाऱ्यांना बाहेर काढून ती पाडावी की ठेवावी हा वाद हायकोर्टात गेला. समिती ‘पाडू नका’ सांगू शकते, पण दुरुस्त करायला भाग पाडणं आणि त्याचा पैसा उभा करणं तिच्या आवाक्याबाहेर आहे. नियमांत दुरुस्ती निधीची तरतूद असते. निधीत पैसे किती, हा वेगळा प्रश्न.

आपल्याकडे कोण बघतं

बालाघाट जिल्ह्यात लांजीचा किल्ला, हट्ट्याची बावडी अशा वास्तू पुरातत्त्व खात्यांचा विषय आहेत. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, मध्य प्रदेशचा स्वतःचा १९६४ चा आहे. केंद्राच्या कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते, संरक्षित करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस निघते. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने.

पण हा कायदा किल्ल्या-मंदिरांसाठी. मालगुजारांचे वाडे (१९५१ मध्ये मालगुजारी संपली, वाडे उरले), इंग्रजांच्या काळातली विश्रामगृहं, जुन्या शाळा, बाजारओळीतली लाकडी दुकानं या कशातच बसत नाहीत. छोटी लाईन आठवा. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर या मार्गावरची ती गाडी शंभर वर्षांहून जास्त धावली. ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली, हे गरजेचंच होतं. पेशंटला जबलपूरला नेणाऱ्याला विचारा. इंजिनं-डबे नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात बघायला मिळतात. वाटेवरच्या लहान स्टेशनांपैकी कुठलं ठेवायचं, कुठलं जाऊ द्यायचं, याचा निवाडा करणारी कुठलीही समिती मात्र नव्हती. समिती असती तर सगळी स्टेशनं वाचली असती असं नाही. निदान पाडण्याआधी कुणी तरी यादी केली असती.

मलाजखंड आणि बैहरला नगरीय संस्था आहेत. बिरसा मात्र पंचायतीच्या हद्दीत. तिथे सरपंच-सचिवांसमोर जुनं घर येतं ते आवास योजनेच्या किंवा नामांतरणाच्या निमित्ताने. इमारत किती जुनी आहे हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

तरीही एक दार उघडं आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. बैहर-बिरसाचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. मध्य प्रदेशने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले. या कायद्यात ग्रामसभेला लोकांच्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास सक्षम मानलं आहे. गोंड आणि बैगा गावांतली देवस्थानं, जुनी बावडी, गावाची बैठकीची जागा यांचा विचार ग्रामसभा करू शकते. खासगी वाड्यावर मात्र तिचं बंधन चालणार नाही. तिथे मालकाच्या मर्जीशिवाय मार्ग नाही आणि नसावाही, जोपर्यंत दुरुस्तीच्या खर्चात कुणी वाटा उचलत नाही.

पहिलं काम नागपूर-मुंबईने केलं तेच, यादीचं. त्याला समिती लागत नाही, निधीही लागत नाही. वास्तूचं नाव, खसरा नंबर, चारही बाजूंचे फोटो, लांबी-रुंदी, कवेलू की कौल, खांब कशाचे, बांधली कुणी याबद्दल गावातले जुने लोक काय सांगतात, आणि मालकाची सही. २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. विषयपत्रिकेत विषय आधी द्यावा लागतो, ऐनवेळी मांडला तर सचिव ‘पुढच्या वेळी’ म्हणून टाळतो. ठराव झाला की कार्यवाही रजिस्टरमध्ये नोंद आणि त्याची एक प्रत जनपद पंचायतीकडे. प्रतीवर आवक क्रमांक मागून घ्यायला विसरू नये.