अडुसष्ट अक्षरांची परीक्षा

नोटपॅडमध्ये एक ठरावीक ओळ टाइप करून फाइल सेव्ह केली, की जगातला जवळजवळ प्रत्येक अँटिव्हायरस खडबडून जागा होतो. अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून ही ओळ अवघी ६८ जागांची. तिच्यात अपायकारक काहीच नाही. जुन्या डॉसच्या संगणकावर चालवली तर पडद्यावर एक संदेश उमटतो, एवढेच. पण ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या पुढाकाराने अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवून घेतले आहे, की ही ओळ दिसली की खरा व्हायरस सापडल्यासारखा इशारा द्यायचा. पहारेकरी जागा आहे का, हे पाहायला खरा चोर घरात घ्यावा लागत नाही. फुकटचा असो वा विकतचा, या परीक्षेत दोघेही पास होतात. मग दरवर्षी पैसे मोजायचे ते कशाचे?

आधी हे पहारेकरी काम कसे करतात ते पाहू. सर्वांत जुनी रीत ओळख पटवण्याची. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसची खूण, म्हणजे सिग्नेचर, नोंदवून ठेवायची आणि लॅपटॉपमधल्या फाइली तिच्याशी ताडून पाहायच्या. पोलीस बोटांचे ठसे जुळवतात तसे. नव्या चोराचे ठसे मात्र दप्तरी नसतात. म्हणून आताचे अँटिव्हायरस वागणुकीवरही नजर ठेवतात. एखादा अनोळखी प्रोग्रॅम भराभर सगळे फोटो आणि एक्सेलच्या फाइली बदलू लागला, तर तो कोण हे कळण्याआधीच त्याला थांबवायचे. बहुतेक कंपन्यांच्या फुकटच्या आणि विकतच्या आवृत्त्यांत ही शोधयंत्रणा एकच असते.

आणि ती कितीही महाग घेतली तरी पूर्ण कधीच होणार नाही. अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली हे तर्काने सिद्ध करून दाखवले. मला संगणकशास्त्रातली ही फार सुंदर गोष्ट वाटते. समजा, कधीही न चुकणारा अँटिव्हायरस तयार झाला. आता एक असा प्रोग्रॅम लिहा, जो सुरू होताच त्या अँटिव्हायरसलाच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर तो गप्प बसतो, ‘नाही’ आले तर पसरू लागतो. म्हणजे अँटिव्हायरसने कोणतेही उत्तर दिले तरी ते खोटेच ठरते! शंभर टक्के संरक्षणाची हमी कुणी देऊ लागला, तर हा तर्क आठवावा.

आता घरच्या विंडोज लॅपटॉपकडे वळू. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजबरोबरच येतो. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, वर्गणी नाही. सुरुवातीच्या वर्षांत तो चाचण्यांत मागे पडायचा आणि तेव्हा जाणकार दुसरा अँटिव्हायरस टाकायला सांगत, ते योग्यच होते. आता जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरातली एव्ही-टेस्ट ही संस्था घेते त्या चाचण्यांत तो बहुतेक वेळा पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गुण मिळवतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपोआप बाजूला होतो.

मग बाहेरचा फुकटचा कशाला हवा? माझ्या मते नकोच. कारण त्याचीही किंमत कुठेतरी वसूल होते. बहुधा ती ‘विकतची आवृत्ती घ्या’ अशा जाहिरातींतून होते, पण एकदा याहून गंभीर प्रकार उघड झाला. चेक प्रजासत्ताकातल्या अवास्टचा फुकट अँटिव्हायरस कोट्यवधी लोक वापरत होते. त्यांनी कोणकोणत्या वेबसाइट पाहिल्या याची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घेतले.

विकतच्या अँटिव्हायरसमध्ये पैसे पडतात ते मुख्यतः सेवेचे: मुलांच्या वापरावर लक्ष, एकाच परवान्यात घरातली चार-पाच उपकरणे, आणि अडचण आली तर फोन उचलणारा माणूस. या शेवटच्या गोष्टीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९०च्या दशकात क्विक हील उभे राहिले. गावोगावच्या संगणक विक्रेत्यांमार्फत ते पसरले, कारण गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरइतकाच विचारायला जवळचा माणूस हवा होता. घरात एकटे राहणारे आईवडील असतील, किंवा दुकानाचे सगळे हिशेब एकाच लॅपटॉपवर असतील, तर त्या आधारासाठी पैसे देणे रास्त आहे.

स्वतःचा लॅपटॉप स्वतःच जपून वापरणाऱ्याला विंडोज ११ आणि त्यातला डिफेंडर पुरतो, अट एकच: अपडेट टाळायचे नाहीत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने सुमारे १५० देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भेगेतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यावर विकतचा अँटिव्हायरस चढवून अपडेटची उणीव भरून निघत नाही.

खर्च करायचाच असेल, तर पहिले पैसे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर घाला. आठवड्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रे तिच्यात उतरवून घ्या, आणि काम झाले की केबल काढून डिस्क कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्या फाइलीही कुलूपबंद करतो.