उष्णतेला वाट द्या



वैशाखाच्या दिवसांत उष्णतेवर व्याख्यान देणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहण्यासारखेच आहे. तथापि मला ज्या उष्णतेविषयी बोलावयाचे आहे ती आकाशातून उतरत नाही. आपल्याच घरात, टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या पेटीत ती उत्पन्न होते. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा स्वतःच्या व्यवसायासाठी कुटुंबे पदरमोड करून हे यंत्र घेतात. त्या वेळी दुकानात एक प्रश्न हमखास पुढे येतो. तो म्हणजे, याला पंखा कोणता बसवावा आणि हीटसिंक कोणता घ्यावा? बहुधा याचे उत्तर दुकानदार देतो, नाही तर पंख्यातले रंगीबेरंगी दिवे देतात. ते उत्तर आपले आपल्याला कसे काढता येईल, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम कोणी विचारील की, यंत्र थोडे तापले तर असे काय बिघडले? आजचा प्रोसेसर तापून सहसा जळत नाही, हे खरे. 2000 साली बाजारात आलेल्या पेंटियम 4 मध्ये, फार तापल्यास आपले काम आपणच मंद करण्याची सोय होती. आज ती सर्वत्र आहे. मर्यादा बहुधा 95 ते 100 अंश सेल्सिअसची असते. तिच्याजवळ पोहोचताच प्रोसेसर आपला वेग उतरवू लागतो. यामुळे यंत्र वाचते, पण नुकसान दिसेनासे होते. धूर नाही, आवाज नाही, तक्रार नाही. पूर्ण किंमत मोजून घेतलेली शक्ती ऐन मे महिन्यात, ऐन कामाच्या वेळी गुपचूप कमी होते, आणि धनी समजतो की यंत्र जुने झाले. न जळता होणारी ही हानीच अधिक फसवी आहे.

उष्णता येते कोठून?

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने परत देतो. 300 वॅट घेणारा संगणक खोलीच्या दृष्टीने 300 वॅटची शेगडीच होय. 1993 साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरची उष्णता 15 वॅटच्या आसपास होती. इंटेलच्याच 2022 सालच्या कोअर आय9-13900के या प्रोसेसरला कमाल 253 वॅटपर्यंत जाण्याची मुभा आहे. आणि ही सारी आच टपालाच्या तिकिटाहून लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खोक्यावर लिहिलेला वॅटचा आकडा म्हणजे कमाल उष्णता असे समजू नये. वर सांगितलेल्या प्रोसेसरचा मूळ आकडा 125 वॅट एवढाच दिलेला असतो. एएमडीच्या रायझन 5 7600 वर 65 वॅट असे लिहिले असले, तरी त्याला 88 वॅटपर्यंत वीज घेण्याची परवानगी आहे. म्हणून निवडीची पहिली पायरी अशी की, आपला प्रोसेसर जास्तीत जास्त किती वॅट घेतो तो आकडा शोधावा आणि कागदावर लिहावा. त्याशेजारी ग्राफिक्स कार्डाचाही आकडा लिहावा. कारण ते आपली गरम हवा बहुधा त्याच पेटीत सोडते.

कूलर थंडावा देत नाही

दुकानात पंखा आणि हीटसिंक यांच्या जोडीला कूलर म्हणतात. या नावाने पुष्कळ गैरसमज झाला आहे. विदर्भात उन्हाळ्यात खिडकीला लावतात तो वाळ्याचा कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा खरोखरच थंड करतो. संगणकाचा कूलर तसे काही करीत नाही. छताच्या पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही! पंखा उष्णता नाहीशी करीत नाही, तो तिला एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो.

न्यूटनने 1701 साली मांडलेला निवण्याचा नियम सर्वांनी शाळेत ऐकलेला आहे. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तपमानात जेवढा फरक, तेवढ्या प्रमाणात उष्णता बाहेर जाते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, साधा हवेचा कूलर कितीही मोठा घेतला तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणार नाही. दुसरी, कूलरची खरी योग्यता अंशांत मोजावयाची नसून, दर वॅटमागे तपमान खोलीपेक्षा किती अंश वर जाते यात मोजावयाची आहे.

उदाहरण घेऊ. समजा, एका कूलरवर दर वॅटमागे प्रोसेसरचे तपमान 0.35 अंशाने चढते. प्रोसेसर 100 वॅट घेत असेल, तर तो भोवतालच्या हवेहून 35 अंश वर जाईल. डिसेंबरात पेटीतली हवा 25 अंश असली, तर प्रोसेसर 60 अंशांवर राहील. मे महिन्यात खोली 38 अंश आणि पेटीतली हवा 45 अंश असली, तर तोच प्रोसेसर 80 अंशांवर जाईल. अजून निभावले. पण तेथे 200 वॅटचा प्रोसेसर बसविला, तर चढ 70 अंशांचा होतो आणि हिशेब 115 वर जातो. म्हणजे प्रत्यक्षात तो 115 वर जाणार नाही, पण आधीच वेग उतरवून बसेल. थंड देशात केलेल्या परीक्षणातील आकडे आपल्याकडे पाहताना हा खोलीचा फरक मिळविल्याशिवाय राहू नये.

कपातून बशीत

आता हीटसिंककडे वळू. गरम चहा आपण बशीत का ओततो? कपातला चहा आणि बशीतला चहा एकच, पण बशीत तो पसरतो आणि हवेला अधिक लागतो. वर आपण फुंकर घालतो, म्हणजे तापलेली हवा दूर होऊन नवी येते. हीटसिंक ही बशी आहे आणि पंखा ही फुंकर आहे. धातूच्या पातळ पत्र्यांची ती जुडी असते, ती एवढ्याचसाठी की थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळावा.

धातूंत तांबे उष्णता उत्तम वाहून नेते, ॲल्युमिनियम तिच्या साधारण निम्म्याने. पण तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. म्हणून चांगल्या हीटसिंकमध्ये प्रोसेसरला टेकणारा तळ आणि नळ्या तांब्याच्या, व पत्रे ॲल्युमिनियमचे, अशी वाटणी असते. त्या नळ्या भरीव नसतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. अमेरिकेत लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली अशी नळी करून दाखविली. आत किंचित द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून तो द्रव झिरपत परत येतो. मोदकपात्राचे झाकण काढताना वाफेचा चटका ज्यांनी घेतला आहे, त्यांना वाफ किती उष्णता वाहून आणते हे सांगावयास नको.

प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांत सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याच्या मानाने हवा उष्णतेला सुमारे 15 हजार पट अडवते. ती हवा घालविण्यासाठी मध्ये थर्मल पेस्टचा लेप लावतात. लेप धातूपेक्षा पुष्कळ मंद असतो. म्हणून तो खळगे भरण्यापुरताच, वाटाण्याच्या दाण्याएवढा लावावा. पोळीवर तूप माखल्याप्रमाणे थापू नये. आणि तळाला चिकटविलेला प्लास्टिकचा पापुद्रा आधी काढावा. तो तसाच राहिला, तर महाग कूलरही व्यर्थ जातो.

पंख्याची निवड

पंख्याच्या खोक्यावर दोन आकडे ठळक असतात. एक हवेच्या प्रमाणाचा आणि दुसरा दाबाचा. पहिला पुढे काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो, दुसरा वाट पूर्ण बंद असताना. आपला पंखा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी काम करतो, म्हणून दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. हीटसिंकच्या दाट पत्र्यांतून किंवा धुळीच्या गाळणीतून हवा रेटावयाची असेल, तर दाब अधिक असलेला पंखा घ्यावा. मागच्या मोकळ्या जाळीतून हवा बाहेर टाकावयाची असेल, तर प्रमाण अधिक असलेला चालतो.

आवाजाचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. पंख्याचे फेरे दुप्पट केले की हवा दुप्पट होते, दाब चौपट होतो आणि वीज आठपट लागते. आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने चढतो. याउलट, सारखे दोन पंखे शेजारी लावल्यास आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. तेव्हा 1600 फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी 800 फेऱ्यांचे तसेच दोन पंखे लावले, तर मोकळ्या वाटेने हवा जवळपास तेवढीच मिळून आवाज सुमारे 12 डेसिबलने उतरतो. रात्री शेजारी कोणी झोपले असेल, तर या 12 डेसिबलचे मोल कळते. याच कारणाने 80 मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा 120 किंवा 140 मिलिमीटरचा पंखा बरा. तो सावकाश फिरूनही तेवढेच काम करतो. चार तारांचा पंखा घेतल्यास गरजेप्रमाणे त्याचा वेग आपोआप कमीजास्त होतो.

शेवटचा दुवा

येथवर उष्णता प्रोसेसरवरून पत्र्यांवर आणि पत्र्यांवरून हवेत आली. पण ती हवा अजून पेटीतच आहे, आणि बहुतेक घरांत घोडे येथेच पेंड खाते. 300 वॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तपमान 10 अंशांहून अधिक चढू द्यावयाचे नसेल, तर दर सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. खोक्यांवर छापतात त्या भाषेत हे मिनिटाला साधारण 53 घनफूट झाले. 120 मिलिमीटरचा सामान्य पंखा मोकळ्यावर एवढी हवा ढकलू शकतो, परंतु गाळणी आणि जाळी मध्ये आल्यावर ते प्रमाण बरेच घटते. म्हणून समोर दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, ही साधी मांडणी पुष्कळांना पुरते. आत येणारी हवा थोडी अधिक ठेवली, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही.

जुन्या वाड्यांत दारासमोर खिडकी ठेवीत, ती वारा आरपार जावा म्हणून. पेटीलाही तेच लागू आहे. समोर सबंध काच लावलेली पेटी दिसते सुरेख, पण तिचे नाक दाबलेले असते. जाळीच्या तोंडाची पेटी घ्यावी. टेबलाच्या बंद कप्प्यात ती कोंडून ठेवली, तर ती स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा पीत राहते. मग हीटसिंक कितीही मोठा असो, त्याला मिळणारी हवाच तापलेली असते.

आपल्या यंत्रात नेमका कोणता दुवा कच्चा आहे, हे ओळखण्याची एक बिनखर्ची कसोटी आहे. एखादे जड काम वीस मिनिटे चालवून प्रोसेसरचे तपमान पाहावे आणि त्यातून खोलीचे तपमान वजा करावे. मग पेटीची बाजू काढून तेच काम पुन्हा करावे. फरक बराच उतरला, तर दोष पेटीच्या हवेत आहे. अशा वेळी नवा कूलर घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. फरक तसाच राहिला, तर लेप, बसवणी, पंखा किंवा हीटसिंक पाहावा. एवढे केल्यावर खरेदी करावयाचीच झाली, तर आपल्या प्रोसेसरच्या बैठकीला तो कूलर बसतो का आणि पेटीत त्याची उंची मावते का, हे आधी मोजावे. 120 मिलिमीटर पंख्याचे उभे कूलर पुष्कळदा 160 मिलिमीटरच्या आसपास उंच असतात. लांबलचक जड हीटसिंक शेजारच्या मेमरीवर आपटणार नाही ना, हेही पाहावे. आणि दर वर्षी होळीच्या सुमारास वीज बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, पत्र्यांतली धूळ काढावी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांना नव्या पंख्याइतकाच लाभ एवढ्यानेच होईल.

मोठ्या शक्तीच्या यंत्रांना मोठे कूलर लागतात, यात शंका नाही. परंतु साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते, आणि ती कडी बहुधा सर्वांत स्वस्त असते. चिमूटभर लेप, दोन बोटे धूळ, किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेली पेटी. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी एकदा पेटीसमोर बसावे आणि हात लावून पाहावे की, थंड हवा आत कोठून येते आणि गरम हवा बाहेर कोठे जाते. ज्याला ही वाट दिसली, त्याला काय विकत घ्यावयाचे आणि काय घ्यावयाचे नाही, हे दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.