घरच्या संगणकाची झडती किती वेळा?

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासूनच असतो. तो उघडल्या जाणाऱ्या फाइली तिथल्या तिथे तपासतो. हे संरक्षण चालू असेल, तर माझ्या मते आठवड्यातून एकदा क्विक स्कॅन आणि महिन्यातून एकदा फुल स्कॅन पुरे.

रूटकिट या लपून राहणाऱ्या घातक प्रोग्रामचे मात्र वेगळे. ते विंडोजच्याच आत दडून बसते आणि स्कॅनरला खोटे चित्र दाखवते. त्यासाठी डिफेंडरचाच ऑफलाइन स्कॅन आहे: संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्याआधीच, साधारण १५ मिनिटांत, तपासणी उरकते. अँटीव्हायरस आपोआप बंद पडू लागला किंवा ब्राउझर भलतीच पाने उघडू लागला, की हा स्कॅन लगेच करा. तोवर त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नका.