घरचा डॉक्टर आणि मांडवीचे उंदीर

घरचा डॉक्टर कशाला म्हणतात, हे ज्या घराला तो लाभला त्यालाच ठाऊक. तो नाडी पाहतो आणि त्याच वेळी घरातली पाण्याची घागर झाकलेली आहे की नाही, हेही पाहतो. आजोबांचा दमा, सुनेचे बाळंतपण, नातवाचा गोवर, सारे त्याच्या स्मरणात असते. अशाच एका डॉक्टरांची आज आठवण करू या. मुंबई शहराचे त्यांच्यावर मोठे ऋण आहे.

डॉ. अकासिओ गाब्रियल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बारदेश तालुक्यात, हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते डॉक्टरी शिकले आणि मांडवी भागात त्यांनी दवाखाना चालवला. मांडवी म्हणजे बंदराजवळची वस्ती. एकीकडे धान्याच्या वखारी, दुसरीकडे दाटीवाटीच्या चाळी, मधून तुंबलेली गटारे. धान्य तेथे उंदीर, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

१८९६ च्या सप्टेंबरात या वस्तीत तापाचे रोगी वाढू लागले. ताप कडक, भ्रम होई आणि जांघेत किंवा काखेत गाठ येई. थोड्याच दिवसांत माणूस जाई. डॉ. व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि स्पष्ट सांगितले, हा गाठीचा प्लेग आहे. ते नगरपालिकेचे सभासदही होते. तेथेही त्यांनी हेच सांगितले.

वाचकहो, हे बोलणे सोपे नव्हते. प्लेग म्हटले की बंदरावर बंधने येणार, माल अडणार, हमालांची रोजी बुडणार. त्या भागातले लोक तर वखारींवरच पोट भरत. ज्यांच्यात बसायचे-उठायचे, त्यांनाच न आवडणारे सत्य सांगायचे होते. पुढे इतर तज्ज्ञांनी तपासणी केली आणि व्हिएगस यांचेच निदान खरे ठरले.

प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगला यर्सिन यांनी शोधला होता. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे १८९८ साली कराचीत सिमों यांनी दाखवले. म्हणजे १८९६ मध्ये सगळा उलगडा झालेला नव्हता. तरीही डॉ. व्हिएगस यांनी वस्ती साफ करा, उंदीर नाहीसे करा, असा धोशा लावला. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे डॉ. व्हिएगस यांनी सुमारे अठरा हजार लोकांना स्वतः लस टोचली, असे सांगतात.

त्या दिवसांत घरझडत्यांच्या भीतीने लोक आजारी माणूस लपवून ठेवत. अशा वेळी ओळखीच्या डॉक्टरालाच दार उघडले जाते. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. डॉ. व्हिएगस वाचले. पुढे ते मुंबई नगरपालिकेचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. धोबी तलावाला मेट्रो चित्रपटगृहापाशी त्यांचा पुतळा उभारला गेला.

ही जुनी गोष्ट शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी भीतीने घरे सोडली. साठवलेले धान्य घरातच राहिले, त्यावर उंदीर माजले आणि १९९४ मध्ये तेथे प्लेगचे रोगी निघाले. कणगी आणि रोग यांचे नाते असे जवळचे आहे.

आमच्या खानापूरच्या बाजूला उंदरांचा दुसरा ताप आहे. गेल्या पावसाळ्यात एका आजाऱ्याला भेटायला गेलो होतो. चार दिवस ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देईना. घरचे म्हणत, चिखलणीचा शीण आहे. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी येऊन एकच प्रश्न विचारला, "खाचरात उतरलास तेव्हा पायाला जखम होती का?" होती. तो लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतात. औषध वेळेवर सुरू झाले, म्हणून माणूस वाचला. आणखी उशीर झाला असता तर कावीळ होऊन मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती होती.

तेव्हा एवढे अवश्य करावे. कणगी जमिनीपासून हात-दीड हात उंच ठेवावी आणि भिंतीतली बिळे बुजवावीत. झिंक फॉस्फाईड वापरायचे असेल तर दोन-तीन दिवस आधी साधे आमिष ठेवावे. विषाला उघडा हात लावू नये, मुलांपासून व जनावरांपासून ते दूर ठेवावे. मेलेला उंदीर हाताने उचलू नये. विष न घालताच उंदीर मरू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. पायाला जखम असेल तर झाकूनच खाचरात उतरावे, शक्यतो गमबूट घालावेत. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत. ताप आला तर अंगावर काढू नये आणि आपण कोठे काम केले, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

घरच्या डॉक्टरापुढे आपण पुष्कळदा लाजेने किंवा पैशाच्या धास्तीने अर्धेच बोलतो. मांडवीच्या डॉक्टरांनी सत्य सांगताना कोणाची भीड धरली नाही. आपणही आपल्या डॉक्टराला सारे खरे सांगावे, आणि त्याने न आवडणारे सांगितले तर त्याच्यावर रागावू नये.