ऱ्हाइन नदीवरील पिवळ्या पायांचा चतुर

पावसाळा सरतां सरतां माळरानावर घिरट्या घालणारे चतुर लहान मुलांच्याहि ओळखीचे असतात. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्यांत जातो, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसते. युरोपांतील संथ, विस्तीर्ण नद्यांवर पिवळ्या पायांचा एक चतुर आढळतो. नराच्या उदराचें टोंक गदेसारखें फुगीर असतें. म्हणून त्याच्या कुळास गदापुच्छ म्हणावयास हरकत नाहीं.

मादी उडतां उडतां पाण्याला उदर टेकवून अंडीं सोडते. अंड्यांतून निघालेली अळी तळाच्या वाळूंत स्वतःस पुरून घेते आणि केवळ उदराचें टोंक वर ठेवते. श्वासोच्छ्वासहि तेथूनच! मागील बाजूनें पाणी आंत ओढून त्यांतील प्राणवायु ती शोषून घेते. अशीं दोनतीन वर्षें काढल्यावर तिला पंख फुटतात, आणि पुढचें आयुष्य अवघें कांहीं आठवड्यांचें. म्हणजे नदी एखादा हंगाम निर्मळ राहून भागत नाहीं; तळाशीं सतत कित्येक वर्षें प्राणवायु हवा.

ऱ्हाइनमध्यें नेमका त्याचाच दुष्काळ पडला. नगरांची घाण व कारखान्यांचें सांडपाणी नदींत येई. घाण कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडे. हॉलंडांत १९०२ नंतर हा चतुर दिसेनासा झाला. १ नोव्हेंबर १९८६ रोजीं बाझल शहराजवळ एका रसायनांच्या वखारीस आग लागली. ती विझविण्यासाठीं मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकें नदींत गेलीं, पाणी तांबडें झालें, आणि वाममासे ढिगांनीं मेले. तेव्हां कोठें तीरावरील राष्ट्रें खडबडून जागीं झालीं. १९८७ सालीं नदीशुद्धीची संयुक्त योजना मुक्रर झाली. १९९६ सालीं हॉलंडांत हा चतुर पुन्हां सांपडला. त्याला कोणी आणून सोडलें नव्हतें. पूर्वेकडील नद्यांत त्याची जात टिकून होती.

१९९२ च्या युरोपीय निर्बंधानें त्यास कडक संरक्षण दिलें आहे. उलट, संकटग्रस्त प्राण्यांच्या युरोपीय यादींत तो ‘फारशी चिंता नसलेल्या’ वर्गांत आहे. हा विरोध वरवरचा आहे. निर्बंध झाला तेव्हां पश्चिमेकडील पुष्कळ नद्या त्याला मुकल्या होत्या. यादी मात्र सबंध खंडावरील आजची स्थिति पाहून केलेली आहे.

धोका अजीबात टळला असें मात्र नव्हे. कात टाकण्यासाठीं अळी उन्हाळ्यांत कांठच्या सपाट वाळूवर, पाण्यापासून थोड्याच अंतरावर येते. पंख ओले व मऊ असतात, उडतां येत नाहीं. आणि तेवढ्यांत एखादें मालवाहू जहाज जवळून गेलें, तर त्याच्या लाटेंत तिची तीन वर्षांची तपश्चर्या वाहून जाते.