परसातील कोंबड्यांची पिसे उपटण्याची खोड : कारणे व उपाय

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हे दोन झाले, तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांचे जीवन एकाच घडणीचे आहे. धानाची शेती, जंगलातील मोहफूल व तेंदूपाने आणि परसात फिरणाऱ्या पाच-दहा कोंबड्या हा येथील कुटुंबाचा आधार होय. कोंबड्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रीच करते. आठवडी बाजारात विकलेला कोंबडा तिच्या हाती रोख पैसा देतो व त्यातून मुलांच्या वह्या, औषधपाणी, मीठमिरची असे खर्च भागतात. अशा घरातील दोन कोंबड्या जायबंदी झाल्या तरी ती हानी लहान नसते.

कोंबड्यांनी एकमेकींची पिसे उपटणे हे अशा हानीचे एक दुर्लक्षित कारण आहे. प्रारंभी शेपटीच्या बुडाची व पाठीची पिसे जातात, मग कातडी उघडी पडते, रक्त दिसते आणि लाल रंगाकडे आकृष्ट होऊन सारा कळप त्याच पक्ष्यावर तुटून पडतो. गुदद्वाराजवळ जखम झाल्यास आतडी ओढली जाऊन कोंबडी दगावते. एकीची खोड पाहून दुसरी शिकते, त्यामुळे हा प्रकार साथीसारखा भासतो. मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या, भीतीने सगळा कळपच पडत्या भावाने विकण्याची वेळ घरावर येऊ शकते. वस्तुतः हा रोग नव्हे, तर पक्ष्याच्या राहणीत काही उणे असल्याची ती खूण आहे.

खोड का लागते?

पाळीव कोंबडीचे मूळ लाल रानकोंबड्यात आहे. रानकोंबडी दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ पालापाचोळा उकरण्यात व टोचण्यात घालविते. ही उपजत प्रवृत्ती पाळीव कोंबडीतही कायम आहे. उकरावयास जमीन मिळाली नाही, तर तिची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. म्हणूनच मोकळ्या कोंबड्यांत सहसा न दिसणारी ही खोड, पावसाळ्यात धानाचे पऱ्हे वाचविण्यासाठी त्यांना दिवसभर खुराड्यात कोंडले की डोके वर काढते. दाटी, उन्हाळ्यातील असह्य उष्मा आणि पाण्याची टंचाई यांनी तिची तीव्रता वाढते.

दुसरे कारण आहाराचे. पिसे जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांची बनलेली असतात. अंड्यावरील कोंबडीच्या आहारात 16 ते 18 टक्के प्रथिने असावी लागतात, तर तांदळाच्या कणकीत ती सुमारे 8 टक्केच असतात. मोकळी कोंबडी ही उणीव किडे-मुंग्या खाऊन भरून काढते. कोंडलेलीस ते शक्य नसते. मिठाचा अभावही या खोडीस कारणीभूत होतो. याखेरीज उवा, पिसवा व खुराड्याच्या फटीत दडणाऱ्या गोचिडांमुळे पक्षी बेचैन होतात.

तिसरे कारण कळपातील मानपानाचे. कोंबड्यांमध्ये चोच मारण्याचा ठराविक क्रम असतो, हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डरुप-एब्ब यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. नवे पक्षी एकाएकी जुन्या कळपात सोडल्यास हा क्रम मोडतो व दुबळे पक्षी मार खातात. शासकीय योजनेतून मिळालेल्या तलंगा घरच्या कोंबड्यांत सोडताना ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

ओळख

पिसे गेली म्हणजे ती उपटलीच असे नव्हे. वार्षिक पीसगळतीत डोके व मानेपासून आरंभ होतो, कातडी निरोगी असते व नवी कोंब-पिसे दिसू लागतात. केवळ पाठीचीच पिसे झिजली असतील, तर कळपात कोंबडे अधिक आहेत काय ते पाहावे. तुटलेली पिसे व रक्ताळलेली कातडी दिसल्यास मात्र टोचणीच समजावी. पक्षी सुस्त होऊन मान वाकडी करू लागले, हिरवट हगवण दिसली अथवा एकामागून एक मरू लागले, तर विलंब न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

उपाय

जखमी पक्षी तत्काळ वेगळा करावा. जखम स्वच्छ धुऊन तीवर हळद व कडुनिंबाचे तेल लावावे आणि ती पूर्ण भरेपर्यंत त्यास कळपात सोडू नये. टोचणारी कोंबडी एखादीच असल्यास तिलाही काही दिवस डालग्याखाली ठेवावे. चोच छाटणे परसातील पक्ष्यास हितावह नाही. चोच हेच त्याचे पोट भरण्याचे साधन आहे.

रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक मोठ्या पक्ष्यास सुमारे एक चौरस फूट व दिवसाही कोंडावयाचे असल्यास किमान दोन चौरस फूट जागा द्यावी. बांबूच्या ताट्यांचे कुंपण घालून झाडाच्या सावलीत लहानसे आवार केल्यास पऱ्हेही वाचतात व कोंबड्याही मोकळ्या राहतात. आवारात पालापाचोळा व धानाचा पेंढा पसरून त्यात मूठभर दाणे टाकावेत. ते शोधण्यात कोंबड्या गुंततात. पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक टोपली काळोख्या कोपऱ्यात ठेवावी. कोरडी माती व राख यांचा खड्डा धूळस्नानासाठी असावा.

कणकी-कोंड्यास सोयाबीन अथवा जवसाच्या ढेपेची थोडी जोड द्यावी. वारुळातील वाळवी पिलांना घालण्याची जुनी रीत प्रथिनांच्या दृष्टीने योग्यच आहे. घरी तयार केलेल्या एक किलो खाद्यात तीन ग्रॅम मीठ पुरे; अधिक मीठ कोंबडीस विषारी ठरते. हिरवा पाला जुडी बांधून टांगावा. नवे पक्षी आठवडाभर ताटीपलीकडे ठेवून, दृष्टिपरिचय झाल्यावर सायंकाळी कळपात सोडावेत.

यातील बहुतेक साधने गावातच उपलब्ध आहेत. ग्रामपंचायत सदस्यांनी कोंबड्यांचे वाटप होण्यापूर्वीच लाभार्थी स्त्रियांना ही माहिती द्यावी आणि शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोहोचवावी. पक्षी घरी आणण्याआधी आवार तयार असेल, तर दिलेल्या कोंबड्या वर्षअखेर परसात दिसतील. आणि योजनेचे यश वाटलेल्या पक्ष्यांच्या संख्येवरून नव्हे, तर टिकलेल्या पक्ष्यांवरून मोजावयाचे असते.